व्होल्ट आणि अँपिअर मोजा, रोध आणि वॅट काढा: वायरिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

"हा गिझर या बोर्डावर चालेल का?" "मोटर तापतेय, केबल बारीक पडली का?" "एमसीबी सोळाची बसवू की वीसची?" (एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण.) वायरमनच्या हाताखाली नुकत्याच लागलेल्या मुलाच्या कानावर हे प्रश्न रोज पडतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं उत्तर अंदाजानं दिलं जातं. कोल्हापुरात हात तयार असलेल्या माणसांची कमी नाही. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे सांगणारे मिस्त्री उद्यमनगरात आजही भेटतील. पण तारेतून किती करंट चाललाय हे ना आवाजावरून कळतं, ना वासावरून. वास येतो तेव्हा इन्सुलेशन जळायला लागलेलं असतं. त्यासाठी दोन आकडे मोजावे लागतात आणि एक भागाकार व एक गुणाकार करावा लागतो. सातवीच्या मुलाला जमेल एवढंच हे गणित आहे, आणि या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकानं ते पहिल्या आठवड्यातच हाताखालून घालावं असं मला मनापासून वाटतं.

आधी सूत्रं

मोजायच्या दोन गोष्टी: व्होल्टेज, म्हणजे दोन टोकांमधला विद्युत दाब, व्होल्टमध्ये, आणि करंट, म्हणजे तारेतून वाहणारी विद्युतधारा, अँपिअरमध्ये. काढायच्या दोन गोष्टी: रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये; आणि शक्ती, वॅटमध्ये.

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर
वॅट = व्होल्ट × अँपिअर

पहिलं सूत्र गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकानं १८२७ साली प्रसिद्ध केलं. ही दोन सूत्रं एकमेकांत घातली की आणखी दोन मिळतात, आणि प्रत्यक्ष कामात तीच जास्त उपयोगी पडतात:

वॅट = अँपिअर × अँपिअर × रोध
वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ रोध

या दोन्हींत एक आकडा दोनदा गुणलेला आहे, याकडे नीट लक्ष द्या. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. पिन काळी का पडते, वाइंडिंग का जळतं, केबल मऊ का होते, या सगळ्याची मुळं या दुहेरी गुणाकारात आहेत. पुस्तकात त्रिकोण काढून सूत्रं पाठ करायला लावतात, पण चार दिवसांनी कोणतं अक्षर वर आणि कोणतं खाली हे विसरतं. पहिली दोन सूत्रं समजून घ्या, उरलेली गरज पडेल तेव्हा कागदावर काढता येतात.

सुरुवात बारा व्होल्टवर

घरातल्या २३० व्होल्टवर पहिल्या दिवशी प्रोब लावायला जाऊ नका. हे सगळं शिक्षण मोटरसायकलच्या बॅटरीवर होतं आणि तिथं शॉक बसत नाही. शॉर्ट झालं तर मात्र ही बॅटरीसुद्धा तार लाल करते, म्हणून बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा आणि बॅटरीच्या प्लसलगत गाडीतला पाच अँपिअरचा फ्यूज लावा.

सामान एवढंच: चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी, दोन साधे डिजिटल मल्टिमीटर, २२ ओहम १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर, चारचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, थोडी वायर आणि रेझिस्टर ठेवायला फरशीचा तुकडा. मीटर दोन सांगितले त्याला कारण आहे. व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी, एकाच वस्तूचे मोजले तरच भागाकाराला अर्थ राहतो.

पांढऱ्या सिमेंट रेझिस्टरच्या अंगावर '१० डब्ल्यू २२ आर जे' अशा अर्थाची अक्षरं छापलेली असतात. दहा वॅट, बावीस ओहम, आणि शेवटचं 'जे' म्हणजे आकड्यात पाच टक्के इकडेतिकडे चालेल. म्हणजे २०.९ पासून २३.१ ओहमपर्यंत काहीही निघालं तरी माल बरोबर आहे.

पहिला मीटर व्होल्टसाठी. काळी वायर 'कॉम'च्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, चकती डीसी २० व्होल्टवर. याचे प्रोब रेझिस्टरच्या दोन पायांना लावायचे, म्हणजेच पॅरलल.

दुसरा मीटर अँपिअरसाठी. लाल वायर काढून '१० ए'च्या भोकात घाला, चकती दहा अँपिअरवर. आता सर्किट एका जागी तोडायचं आणि त्या तुटलेल्या जागेत हा मीटर बसवायचा. फ्यूजकडून येणारी वायर मीटरमध्ये, मीटरमधून रेझिस्टरकडे, रेझिस्टरमधून बॅटरीच्या मायनसला. करंट मीटरच्या पोटातून गेला पाहिजे, म्हणजे सिरीज.

नवीन माणसाचे सगळ्यात जास्त मीटर इथंच जातात. अँपिअरवर ठेवलेल्या मीटरचा स्वतःचा रोध जवळपास शून्य असतो. तो चुकून थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला की बॅटरीसाठी तो शॉर्टच. बॅटरीवर फ्यूज उडेल; २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये असे प्रोब घातले तर हातातच भडका उडतो. करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घालायची, ही सवय पहिल्याच दिवसापासून लावा.

बॅटरी जोडण्याआधी तिचे व्होल्ट बघितले तर १२.७ च्या आसपास दिसतील. रेझिस्टर जोडल्यावर आकडा थोडा खाली येतो. समजा आता व्होल्टमीटरवर १२.४ आहे आणि अँपिअरवर ०.५६. हिशोबाला १२.४ घ्यायचे, १२.७ नाही, कारण लोड चालू असताना रेझिस्टरला जे मिळतंय तेच त्याचं व्होल्टेज.

१२.४ ÷ ०.५६ = २२.१ ओहम
१२.४ × ०.५६ = ६.९ वॅट

रोध छापलेल्या आकड्याशी जुळला आणि सात वॅटच्या आसपास उष्णता निघतेय. रेझिस्टर दहा वॅटचा असल्यामुळे ती त्याला झेपते, पण बोट लावू नका, चांगलाच चटका बसतो.

आता बॅटरी काढा आणि दीड व्होल्टचे चार सेल ओळीनं जोडून हेच करा. सेल थोडे बसतात, समजा ५.९ व्होल्ट आणि ०.२७ अँपिअर मिळाले. रोध २१.९, म्हणजे तोच. वॅट मात्र १.६. व्होल्ट निम्म्याच्या आसपास आले, करंटही निम्म्यावर आला, आणि शक्ती जवळपास चौथ्या हिश्श्यावर आली. वर सांगितलेला दुहेरी गुणाकार तुम्ही आता आपल्या हातानं बघितला.

समजा दुकानदारानं २२ ओहमच्या ऐवजी १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर दिला. जोडण्याआधी कागदावर करा: १२.४ × १२.४ ÷ १० = १५.४ वॅट. दहा वॅटच्या वस्तूतून पंधरा वॅट. जोडायचाच नाही.

बल्ब लावून बघा

आता इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. बॅटरीला न जोडता, मीटर ओहमवर ठेवून (घोड्याच्या नालासारखं चिन्ह असतं ते) त्याचा रोध मोजा. एका ओहमच्याही आत काहीतरी येईल. या आकड्यावरून करंट काढला तर १२ अँपिअरच्या पुढे जातो. पण बल्ब लावून मोजला तर मीटर दाखवतो पावणेदोन अँपिअरच्या आसपास. १२ ÷ १.७५ म्हणजे ६.९ ओहम.

मीटर दोन्ही वेळा खरंच बोलतोय. थंड टंगस्टनच्या तारेचा रोध कमी असतो, आणि पांढरीशुभ्र तापली की तोच कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून बल्ब चालू करताना पहिल्या क्षणाला करंटचा मोठा झटका बसतो आणि जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच उडायचे. ओहमवर ठेवलेला मीटर फक्त थंड अवस्थेतला रोध सांगतो. चालू अवस्थेतला रोध हवा असेल तर व्होल्ट आणि अँपिअर मोजून भागाकारच करावा लागतो.

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात सिरीज बोर्डवर पिवळा बल्ब लटकलेला दिसतो, त्याचं गणितही हेच आहे. १०० वॅटच्या बल्बचा तापलेला रोध २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम. त्याच्या सिरीजमध्ये तपासायची वस्तू लावली आणि ती आतून पूर्ण शॉर्ट निघाली, तरी बल्ब फुल पेटतो आणि लाइनमधून जास्तीत जास्त २३० ÷ ५२९, म्हणजे ०.४३ अँपिअर जातो. फ्यूज उडत नाही, काही जळत नाही. जुन्या मिस्त्र्यांनी हा बोर्ड जपून ठेवलाय ते योग्यच आहे. एलईडी बल्ब मात्र तिथं लावू नका. तो तापून रोध वाढवत नाही, त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि त्याच्या उजेडावरून काही कळत नाही.

घरातला गिझर

आता घरात या, पण मीटर न घेता. गिझरच्या अंगावरची पट्टी वाचा. २००० वॅट, २३० व्होल्ट असं असेल तर:

करंट = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर
रोध = २३० ÷ ८.७ = साधारण २६.५ ओहम

लहान पिनचं सॉकेट सहा अँपिअरचं. २३० × ६ म्हणजे १३८० वॅटच्या वर त्यावर काही लावायचं नाही. मोठं सॉकेट सोळाचं, ३६८० वॅटपर्यंत. मग गिझरला सोळाचंच सॉकेट लागणार आणि वायर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, हे उत्तर आता अंदाजाचं राहिलं नाही. मोठ्या पिनला कन्व्हर्टर लावून गिझर किंवा पाणी तापवायचा रॉड लहान सॉकेटवर चालवणारी घरं मी बघतो तेव्हा फार वाईट वाटतं. ते काही दिवस चालतं, म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे.

गिझर पाणी तापवेना, कॉइल गेली का हे बघायचं असेल तर एमसीबी पाडून, पिन काढून, कॉइलच्या दोन टोकांवरच्या वायरी सोडवून मीटर ओहमवर लावा. गिझरची कॉइल निक्रोम या मिश्रधातूची असते, तापल्यावर तिचा रोध बल्बसारखा पटीत बदलत नाही. त्यामुळे थंड मोजलेला आकडाही काढलेल्या आकड्याच्या जवळ येतो. २००० वॅटसाठी २५ ते २९ ओहम दिसले तर कॉइल ठीक, दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा वायरीत शोधा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

हिवाळ्यात सकाळी सगळ्यांचे गिझर एकदम लागले की गल्लीतलं व्होल्टेज पडतं. समजा १८० वर आलं. कॉइलचा रोध तोच, २६.५. मग १८० × १८० ÷ २६.५ = १२२० वॅट. व्होल्टेज साधारण पाचव्या हिश्श्यानं पडलं, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. पाणी तापायला पाऊण तास का लागला याचं हे कारण. गिझर मात्र खराब होत नाही, तो कमी करंट घेऊन हळूहळू तापतो. हे लक्षात ठेवा, मोटरकडे गेल्यावर लागेल.

आणि आता काळी पडलेली पिन. सॉकेटच्या आतली पितळी पकड सैल झाली आणि तिथं अर्धा ओहम रोध तयार झाला असं धरा. अर्धा ओहम काहीच वाटत नाही. पण तिथून ८.७ अँपिअर जातोय:

८.७ × ८.७ × ०.५ = ३८ वॅट

नखाएवढ्या जागेत अडतीस वॅट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच पिनमध्ये घालून ठेवल्यासारखं. प्लास्टिक वितळतं, पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. एमसीबीला यातलं काही दिसत नाही, कारण एकूण करंट ८.७ च्या वर गेलेलाच नाही. म्हणून मोठ्या लोडचे स्क्रू घट्ट करणं आणि सैल सॉकेट बदलणं हे काम 'नंतर बघू'मध्ये टाकायचं नाही. वायरमनच्या कामातली सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच असावी.

वायर बारीक पडली तर हाच हिशोब सगळ्या लांबीभर पसरतो. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध एका किलोमीटरला साधारण १८ ओहम. बोर्डापासून गिझर २० मीटर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.७२ ओहम. उष्णता ८.७ × ८.७ × ०.७२, म्हणजे ५४ वॅट भिंतीच्या पाइपात. अडीचची वायर घातली तर रोध ०.३० वर येतो आणि उष्णता २३ वॅटवर. जाताना आणि येताना दोन्ही वायरी धरायच्या, नवीन मुलं बहुतेक एकच धरतात.

काहीही न उघडता वॅट मोजणं

घराबाहेरच्या वीजमीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो, आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. आपल्या मीटरवरचाच आकडा घ्या. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट एक तास, म्हणजे ३६ लाख वॅट-सेकंद.

फ्रिज, पंखे, टीव्ही, मोबाइलचे चार्जर, सगळं बंद करा. फक्त गिझर चालू ठेवा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते बघा. पहिल्या लुकलुकीला 'शून्य' म्हणायचं, 'एक' नाही, नाहीतर एक कमी पडते. समजा सहा सेकंद लागले:

३६,००,००० × १० ÷ (३२०० × ६) = १८७५ वॅट

गिझर दोन हजारांचा, मग सव्वाशे वॅट गेले कुठं? त्या वेळी लाइनला २२२ व्होल्ट असतील तर २२२ × २२२ ÷ २६.४५ = १८६३ वॅट. हिशोब बसतो. हा प्रयोग घरातल्या मुलांना सोबत घेऊन करावा असा आहे. कुठं हात लावायचा नाही, धोका नाही, आणि बिलातलं युनिट म्हणजे काय ते एकदाच कायमचं कळतं.

मोटरला हे सूत्र जसंच्या तसं लागत नाही

एक एचपीच्या सिंगल फेज पंपाचं रनिंग वाइंडिंग ओहमवर मोजलं तर तीनेक ओहम दिसतात. २३० ÷ ३ केलं तर ७७ अँपिअर येतात. प्रत्यक्षात क्लॅम्प मीटर (सर्किट न तोडता वायरीभोवती पकड लावून करंट मोजणारा) पाच-सात अँपिअर दाखवतो. सूत्र खोटं नाही, फक्त मोटरमध्ये करंट अडवणारा तारेचा रोध एकटाच नसतो. कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र एसी करंटला विरोध करतं, आणि मोटर फिरायला लागली की लाइनच्या विरुद्ध दिशेचं व्होल्टेज तिच्या आतच तयार होतं. म्हणूनच इंपेलरमध्ये (पंपाच्या आतल्या फिरत्या पंख्यात) कचरा अडकून मोटर जागेवर थांबली की ते व्होल्टेज जातं आणि करंट पाच-सहा पट उसळतो.

मोटरचा हिशोब वॅटकडून सुरू करावा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारे. लाइनमधून त्याहून जास्त घ्यावे लागतात, कारण काही भाग उष्णतेत आणि घर्षणात जातो. शिवाय एसीमध्ये करंट आणि व्होल्टेज पावलाला पाऊल टाकून चालत नाहीत, त्यासाठी पॉवर फॅक्टरनं गुणावं लागतं. थ्री फेजचं सूत्र असं:

वॅट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

इथले व्होल्ट म्हणजे दोन फेजमधले, आपल्याकडे साधारण ४१५.

पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठानं उसाला पाणी उपसणारी पाच एचपीची मोटर घेऊ. शाफ्टवर ३७३० वॅट. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर लाइनमधून ३७३० ÷ ०.८५ = ४३९० वॅट. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर:

४३९० ÷ (१.७३२ × ४१५ × ०.८) = ७.६ अँपिअर

मोटरच्या पट्टीवर याच्या जवळपासचा आकडा असतो. पट्टी वाचता येत असेल तर पट्टीवरचाच घ्या.

आता व्होल्टेज ३५० वर पडलं. गिझरचं काय झालं ते आठवा, त्यानं करंट कमी घेतला. मोटर तसं करत नाही. विहिरीतलं किंवा नदीतलं पाणी तेवढंच वर चढवायचं आहे, वॅट तेवढेच लागणार, म्हणून व्होल्ट कमी मिळाले की ती अँपिअर जास्त ओढते: ४३९० ÷ (१.७३२ × ३५० × ०.८) = ९ अँपिअरच्या थोडं वर. करंट जेमतेम एकोणीस टक्के वाढला. पण वाइंडिंगमधली उष्णता अँपिअर × अँपिअर × रोध, म्हणजे चाळीस टक्क्यांनी वाढली. पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता व्होल्टेजबरोबर थोडी हलतात, तेव्हा हा हिशोब ढोबळ आहे, पण दिशा हीच. रात्रपाळीच्या विजेवर कमी व्होल्टेजला तासन् तास चाललेली मोटर सकाळी रिवाइंडिंगला का येते, हे शेतकऱ्याला असं आकडे मांडून सांगितलं तर पटतं. नुसतं "व्होल्टेज कमी होतं" म्हटलं की तो म्हणतो, कमी होतं तर जळायची कशी?

म्हणून स्टार्टरवरचा ओव्हरलोड रिले पट्टीवरच्या अँपिअरवरच लावा. मोटर थेट लाइनला जोडणाऱ्या साध्या डीओएल स्टार्टरला, पट्टीवर ७.६ असेल तर रिलेही तिथंच. तो सारखा पडतो म्हणून दहावर नेऊन ठेवणं म्हणजे मोटरचं संरक्षण काढून घेणं. पडतो तेव्हा क्लॅम्प मीटर घेऊन तिन्ही फेजचे अँपिअर आणि तिन्ही जोड्यांचे व्होल्ट, मोटर चालू असताना, लिहून काढा. क्लॅम्पमध्ये एका वेळी एकच वायर घ्यायची. तिन्ही एकत्र घेतल्या तर मीटर जवळपास शून्य दाखवतो. एका फेजला करंटच नसेल तर फ्यूज गेलाय किंवा जोड सुटलाय, आणि उरलेल्या दोन फेजवर मोटर मरतेय. तिन्हीला जास्त असेल तर व्होल्ट बघा. व्होल्ट बरोबर असूनही करंट जास्त असेल तर दोष पंपात, वाळू, बेअरिंग, इंपेलर यांपैकी कुठंतरी.

डीपीपाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) व्होल्ट ठीक आणि मोटरपाशी कमी, असं निघालं तर केबल बघा. नदीकाठापर्यंत ३०० मीटर अडीचची तांब्याची केबल टाकली असेल तर प्रत्येक तारेचा रोध २.२ ओहमच्या आसपास. ७.६ अँपिअरला तीन तारांतली उष्णता ३ × ७.६ × ७.६ × २.२ = ३८१ वॅट, आणि मोटरला बावीस-तेवीस व्होल्ट कमी पोचतात. आठ तास पंप चालला तर रोज तीन युनिट नुसती केबल तापवण्यात जातात. सहा चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर हे सगळं निम्म्याच्याही खाली येतं. केबलच्या किमतीवरून शेतकऱ्याशी बोलणं होतं तेव्हा हा हिशोब त्याच्यासमोर मांडा, मग निर्णय त्याला घेऊ द्या.

ओल्या घरात आणि ओल्या शेतात

कोरड्या कातडीचा रोध बऱ्यापैकी जास्त असतो, पण ओल्या हातापायांनी तो हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. माणसाला वाचवण्यासाठी बसवलेला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला लाइन तोडतो, कारण त्याच्या वर जिवाला धोका सुरू होतो. २३० आणि ३० या दोन आकड्यांमधलं अंतर बघा आणि ओल्या चिखलात उभं राहून स्टार्टरची पेटी उघडू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-शिरोळ भागात कितीतरी घरांचे बोर्ड पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर बोर्ड वरून वाळलेला दिसतो, पाइपात ओल राहते. तिथं साधा मल्टिमीटर पुरत नाही, कारण तो अगदी कमी व्होल्टवर मोजतो. मेगर लागतो, जो ५०० व्होल्ट लावून इन्सुलेशनचा रोध मोजतो. सूत्र तेच. एक मेगाओहम म्हणजे दहा लाख ओहम. ५०० ÷ १०,००,००० म्हणजे अर्धा मिलिअँपिअर गळती. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर लाइन जोडायची नाही, वायरी ओढून काढायच्या किंवा आणखी वाळू द्यायच्या. मेगर लावण्याआधी मेन बंद करा आणि टीव्ही, फ्रिज, एलईडी, सगळं काढून ठेवा, नाहीतर ५०० व्होल्ट त्यांच्या आत शिरतील. हे काम परवानाधारक वायरमनच्या सोबत उभं राहून शिका, एकट्यानं करू नका.

हात बसवायला चार गणितं

मिलि आणि किलोत गडबड होऊ नये म्हणून प्रत्येक आकडा आधी व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅटमध्ये आणा, मगच गुणा. उत्तरं खाली आहेत, आधी स्वतः करा.

इस्त्रीला २२८ व्होल्ट मिळतायत आणि करंट ४.२ अँपिअर आहे. रोध आणि वॅट किती? १००० वॅट, २३० व्होल्टची इस्त्री २०० व्होल्टवर किती वॅट देईल? सहा अँपिअरच्या सॉकेटमधून काढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर १००० वॅटची इस्त्री आणि १५०० वॅटची किटली एकदम लावली तर? उन्हाळ्यात चटणीच्या दिवसांत दिवसभर चालणाऱ्या कांडप गिरणीची साडेसात एचपीची थ्री फेज मोटर, कार्यक्षमता ८७ टक्के, पॉवर फॅक्टर ०.८२, ४१५ व्होल्टला किती अँपिअर घेईल?

पहिल्याचं उत्तर ५४.३ ओहम आणि ९५८ वॅट. दुसऱ्यात आधी रोध काढा, ५२.९ ओहम, मग २०० × २०० ÷ ५२.९ = ७५६ वॅट. तिसऱ्यात २५०० ÷ २३० = १०.९ अँपिअर, सॉकेटच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट, म्हणून एकदम लावायचंच नाही. किटली तर एकटीसुद्धा साडेसहा अँपिअर घेते, तिला सोळाचं सॉकेट द्या. चौथ्याचं उत्तर १०.९ अँपिअर; गिरणीतल्या मोटरची पट्टी पुसून हिशोब ताडून बघा, आणि क्लॅम्प मीटर लावाल तेव्हा गिरणीत मिरच्या घातलेल्या असू द्या, रिकामी गिरणी फिरवून घेतलेला करंट लोडबद्दल काही सांगत नाही.